'पाय घसरून पडले' या नोंदीमागे

घरातले वयस्कर माणूस पडले की त्याची नोंद घरची मंडळी आणि डॉक्टर बहुधा एकाच वाक्यात करतात: 'पाय घसरून पडले.' केसपेपरवर एवढेच येते. पाय का घसरला, त्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, रात्रीचे किती वाजले होते, झोपेची गोळी घेतली होती का, याची चौकशी क्वचितच होते. हाड मोडले असेल तर ते जोडले जाते. मोडले नसेल तर 'थोडक्यात निभावले' म्हणून विषय मिटतो. वैद्यकशास्त्राने मात्र गेल्या काही दशकांत या घटनेकडे निव्वळ योगायोग म्हणून पाहणे सोडून दिले आहे. उतारवयातील पडणे हे ताप किंवा धाप लागणे यांसारखे एक लक्षण आहे, असे जराचिकित्सेचे तज्ज्ञ मानतात. लक्षणाला कारण असते, ते शोधता येते आणि पुष्कळदा दूरही करता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अनवधानाने होणाऱ्या इजांच्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. यांतील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि प्राणघातक पडण्याचे प्रमाण साठी ओलांडलेल्यांत सर्वाधिक असते. महामार्गावर चौघे दगावले की बातमी होते. न्हाणीघरात पडून सहा महिने अंथरुणाला खिळून गेलेल्या आजींच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून बहुधा न्यूमोनिया लिहिलेला असतो.

तोल कसा राखला जातो

माणूस दोन पायांवर उभा राहतो ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. डोळे, अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि तळपाय व सांध्यांतून येणाऱ्या संवेदना अशा तीन ठिकाणांहून मेंदूला सतत वार्ता मिळत असते. ती जुळवून मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो. तरुणपणी यातील एक वाट बंद झाली तरी उरलेल्या दोन पुरतात. वयाबरोबर तिन्ही वाटा थोड्याथोड्या अरुंद होतात. मोतीबिंदूने पायरीची कड दिसेनाशी होते, जुन्या मधुमेहाने तळपाय बधिर होतात, मांड्यांचे स्नायू झिजल्याने गेलेला तोल सावरण्याइतके बळ राहत नाही. त्यात चाळिशीचा जोडभिंगाचा चष्मा असेल तर जिना उतरताना खालची पायरी नेमकी वाचण्याच्या भिंगातून, म्हणजे पुसट दिसते.

याखेरीज रक्तदाबाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आडवा माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते आणि शरीर नाड्या आवळून मेंदूचा पुरवठा टिकवते. ही यंत्रणा मंदावली की उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरतो, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पहाटे लघवीसाठी घाईने उठणारे, भारतीय पद्धतीच्या शौचकूपावरून बराच वेळाने उभे राहणारे, उपासाच्या दिवशी पाणी कमी पिणारे वृद्ध या कारणाने पडतात आणि नोंद होते ती पाय घसरल्याची. आपल्याकडे रक्तदाब बसवून किंवा निजवून एकदाच मोजण्याची रीत आहे. एकदा तरी पडलेल्या माणसाचा रक्तदाब पाच मिनिटे निजवून, मग उभे केल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजावा, असा संकेत आहे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, पाच-सात मिनिटे लागतात. गर्दीच्या दवाखान्यात तीच दुर्मिळ असतात, हे खरे.

घरी करता येण्याजोगी आणखी एक चाचणी आहे. हात असलेल्या खुर्चीवरून उठायचे, नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचे, वळून परत येऊन बसायचे. याला बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजतात. चाचणी घेताना शेजारी कोणीतरी उभे असावे.

न्हाणीघर, उंबरा आणि माळा

शहरी मराठी घराची रचना गेल्या पिढीत झपाट्याने बदलली. शहाबादी फरशी खडबडीत होती, तिच्यावर पाय टिकत असे. तिची जागा आरशासारख्या चकचकीत टाइल्सनी घेतली. कोरड्या असताना त्या देखण्या दिसतात. साबणाचे पाणी पडले की त्यांच्यावर अनवाणी तळवाही ठरत नाही. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची प्रथा सर्वांच्या प्रेमाची आहे, परंतु तेलाने माखलेले पाय आणि ओली टाइल यांची गाठ पडू देऊ नये. तेल बाहेर पाटावर बसून लावावे, पाय पुसावेत आणि स्नान स्टुलावर बसून करावे.

न्हाणीघरात आधाराला दांडी बसवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. परंतु टॉवेल वाळत घालायची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. तोल गेलेला माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि दोन बारीक स्क्रूंवर टाइलला अडकवलेली दांडी त्याच्यासकट खाली येते. आधाराची दांडी विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत खोलवर रोवलेली, पूर्ण माणसाचे वजन पेलणारी हवी. एक कमोडच्या बाजूला आणि एक नळाजवळ. दाराचाही विचार करावा. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि बाहेरच्यांना ते लोटता येत नाही. दार बाहेर उघडणारे करावे, किंवा निदान कडी बाहेरून काढता येईल अशी बसवावी. घरात वृद्ध असतील तर 'आतून कडी लावू नका' हा नियम करणे अवघड जाते. लाज हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने खरा असतो आणि त्याची थट्टा करून तो सुटत नाही. बाहेरून उघडणारी कडी त्यांचीही अब्रू राखते.

घरातील बाकीचे धोके ओळखीचेच आहेत. न्हाणीघराचा दोन इंचांचा उंबरा, त्यापुढचे सरकणारे पायपुसणे, मोबाइलच्या चार्जरची आडवी वायर, तळ झिजून गुळगुळीत झालेली स्लिपर, पायांत येणारा नऊवारीचा किंवा धोतराचा घोळ. रात्री पलंगापासून संडासापर्यंत एक मंद दिवा जळत ठेवला तर विजेच्या बिलात फरक जाणवणार नाही. जुन्या चाळीत संडास मजल्याच्या टोकाला असतो. तिथे रात्रीपुरते पलंगाशेजारी भांडे किंवा खुर्चीचा कमोड ठेवण्यात कमीपणा मानू नये. आणि माळ्यावरचे पितळी डबे काढण्यासाठी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढणे, हा प्रकार वयाची साठी उलटलेल्या कोणीही करू नये. सणाच्या आधीच्या साफसफाईत हे हमखास घडते, कारण त्या घरातल्या कामाचा मान आजींनाच हवा असतो.

पडण्याच्या भीतीने चालणेच बंद करणे हा मात्र उपाय नाही. बसून राहिलेल्या माणसाचे स्नायू आणखी झिजतात आणि पुढच्या वेळी तो अधिक सहज पडतो. व्यायामावरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. तोल आणि पायांचे बळ वाढवणाऱ्या व्यायामांनी घरी राहणाऱ्या वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर काही सेकंद उभे राहणे, अशा स्वरूपाचे हे व्यायाम आहेत. नुसते सावकाश फिरायला जाणे चांगलेच, पण तोल सुधारण्यास ते पुरेसे नाही. मोतीबिंदूच्या बाबतीतही 'पिकू द्या' म्हणून वाट पाहणे महागात पडते. वृद्ध स्त्रियांच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केल्यास पडण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत दिसून आले.

औषधाच्या डब्यातला धोका

घरातल्या फरशीइतकाच औषधांचा डबाही तपासायला हवा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या झोपेच्या व चिंतेवरच्या गोळ्या पडण्याच्या कारणांत वरच्या क्रमांकावर आहेत. त्या एखाद्या प्रसंगी दोन आठवड्यांसाठी लिहून दिल्या जातात आणि जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे चालू राहतात. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन, लघवी वाढवणारी औषधे, रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या एकाच वेळी, ग्लिमेपिराइडसारखी साखर फार उतरवू शकणारी गोळी, सर्दीच्या औषधांतले क्लोरफेनिरामिन, यांपैकी प्रत्येकाचा पडण्याशी संबंध आहे. हृदयाचे डॉक्टर एक लिहितात, मूत्रविकाराचे दुसरे, अस्थितज्ज्ञ तिसरे. सगळी यादी एकत्र पाहणारा कुटुंबाचा डॉक्टर शहरांतून नाहीसा होत चालला आहे. माणूस पडल्यावर सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात आणि 'यातले काय कमी करता येईल' हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत. दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्या अचानक सोडल्यास झटके येऊ शकतात. मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

जीवनसत्त्व ड ची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. हाडांसाठी ते आवश्यक आहे आणि शहरी माणसांत त्याची कमतरता सर्रास आढळते. म्हणून ६० हजार एककांची पुडी आठवड्याला एक, असा प्रघात पडला. पण ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख एककांची एकच मोठी मात्रा देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्यात पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाडे मोडण्याचे २६ टक्क्यांनी वाढले. हा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. ती चाचणी साप्ताहिक पुडीची नव्हती, हे खरे; परंतु आठ आठवड्यांसाठी दिलेली पुडी कोणालाही न विचारता दोन वर्षे घेत राहण्याला तिच्यात आधार सापडत नाही.

रुग्णालयातले पडणे

रुग्णालयात माणूस सुरक्षित असतो, या समजुतीला येथे थोडा धक्का बसतो. अनोळखी खोली, उंच पलंग, हाताला सलाइन, सोबत लघवीची नळी, आजाराने आलेला अशक्तपणा आणि रात्री दिलेले गुंगीचे औषध, यांमुळे घरी नीट चालणारा माणूसही वॉर्डात पडतो. त्यातले बरेचसे प्रसंग संडासला जाण्याच्या वाटेवर घडतात. बेल वाजवूनही मावशी किंवा वॉर्डबॉय येत नाही, जमिनीवर झोपलेल्या मुलाला उठवायचे जिवावर येते, आणि रुग्ण एकटाच सलाइनचा स्टँड ढकलत निघतो.

पलंगाचे कठडे वर केले की काम झाले, असे अनेकांना वाटते. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला कडेवरून घरंगळण्यापासून कठडा वाचवतो. भ्रम झालेला रुग्ण मात्र कठडा ओलांडण्याचा प्रयत्न करतो आणि अधिक उंचीवरून पडतो. हात-पाय बांधून ठेवण्याने तर भ्रम आणि इजा दोन्ही वाढतात. त्यापेक्षा पलंग शक्य तितका खाली घेणे, चाके कुलूपबंद आहेत ना पाहणे, चष्मा, कानाचे यंत्र आणि बेल हाताशी ठेवणे, आणि दर दोन तासांनी 'जाऊन यायचे का?' असे आपणहून विचारणे अधिक उपयोगी ठरते. अमेरिकेतील काही रुग्णालयांत प्रत्येक रुग्णाचे धोके आणि त्यावरचे उपाय मांडणारा तक्ता खाटेशेजारी लावून रुग्ण व नातेवाइकांना त्या आखणीत सहभागी करून घेतले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पडण्याचे प्रसंग १५ टक्क्यांनी आणि पडून इजा होण्याचे ३४ टक्क्यांनी घटले. भारतातही 'एनएबीएच' मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांनी पडण्याचा धोका असलेले रुग्ण ओळखून काळजी घ्यावी अशी अपेक्षा असते. दाखल होतानाच नातेवाइकांनी परिचारिकेला विचारावे की ही तपासणी झाली का. प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

पडल्यानंतर

पडलेल्या माणसाला काखेत हात घालून लगेच उभे करण्याची घाई सर्वांनाच होते. ती करू नये. आधी बोलावे, शुद्ध आहे का पाहावे, कुठे दुखते ते विचारावे. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले असेल, तर खुब्याजवळचे हाड मोडल्याची दाट शक्यता असते. अशा वेळी पाय ओढू नये, चोळू नये. पाय आहे त्या स्थितीत उशांनी स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हाडवैद्याकडे नेऊन मालिश करण्यात गेलेले दिवस पुढे भरून निघत नाहीत. कधी हाड मोडूनही माणूस चार पावले चालतो. कुशीत किंवा मांडीत दुखणे दोन दिवसांनंतरही राहिले तर एक्स-रे काढलाच पाहिजे.

डोक्याला मार लागला असेल तर वेगळी दक्षता हवी. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार बसला की जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वृद्धांमध्ये मेंदूभोवतीच्या शिरेतून रक्त इतके सावकाश साचते की लक्षणे काही आठवड्यांनी उमटतात. डोकेदुखी, गुंगी, अडखळते बोलणे, एका बाजूचा अशक्तपणा, नव्याने आलेला विसराळूपणा अशी ती असतात. घरचे त्याला 'वय झाले' म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये हे रक्त सापडते आणि बहुतेकदा शस्त्रक्रियेने काढताही येते.

खुब्याचे हाड मोडलेल्यांपैकी पाचातला एक तरी रुग्ण वर्षभरात दगावतो, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. मृत्यूला हाडापेक्षा अंथरूण अधिक कारणीभूत ठरते. फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, पायातल्या रक्ताच्या गुठळ्या, पाठीवरच्या जखमा हे सर्व निजून राहण्याचे परिणाम. म्हणून दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करावे, अशी ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेची शिफारस आहे. 'आता ऐंशीव्या वर्षी कशाला ऑपरेशन' हा आपल्याकडचा प्रेमळ वाटणारा विचार रुग्णाला वेदनेसह अंथरुणावर टाकून देतो.

शस्त्रक्रियेनंतर हाडांच्या ठिसूळपणावर उपचार व्हायला हवेत. ते बहुतेकदा सुरूच होत नाहीत, कारण हाड जोडणाऱ्यांचे काम संपलेले असते आणि दुसरे कोणी ते हाती घेत नाही. झोलेड्रॉनिक अॅसिड हे वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे औषध खुब्याच्या अस्थिभंगानंतर दिल्यास नव्याने हाडे मोडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूचे २८ टक्क्यांनी कमी होते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आढळले. मूत्रपिंडाचे काम आणि रक्तातील कॅल्शियम पाहूनच ते देतात. घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर हाडांच्या उपचाराचा एकही शब्द नसेल, तर तो विचारून लिहून घ्यावा.

खर्च आणि दाद

रुपये २० वार्षिक हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख रुपये देते. पण तिची वयोमर्यादा सत्तर आहे, म्हणजे पडण्याचा धोका जिथे वाढतो तिथेच ती संपते; आणि नुसते हाड मोडण्याला तिच्यात काही नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कवच देणारी आयुष्मान भारतची विस्तारित योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिचे कार्ड आधीच काढून ठेवलेले बरे, कारण पडल्याच्या रात्री कागदपत्रे शोधणे जमत नाही.

रुग्णालयात निष्काळजीपणामुळे रुग्ण पडला असेल तर कायद्याने दाद मागता येते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवले. सर्वांनाच पूर्णपणे मोफत उपचार देणारी रुग्णालये त्यातून वगळलेली आहेत. परिचारिकेच्या चुकीसाठी रुग्णालय जबाबदार ठरते, हे १९९८ च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात स्पष्ट झाले. प्रत्येक पडणे म्हणजे निष्काळजीपणा असे मात्र न्यायालये मानत नाहीत. धोका ओळखला होता का, त्याची नोंद केली होती का आणि वाजवी काळजी घेतली होती का, एवढे पाहिले जाते. म्हणून परिचारिकांच्या नोंदी महत्त्वाच्या. कागदपत्रांची मागणी लेखी करावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते, आणि रुग्णालयाला दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगापुढे चालते.